विमलाक्कांचं उंबऱ्यावरचं गाणं

परवा व्हाइटफील्डला एका हळदीला गेले होते आणि न जेवता परत आले.

पिवळे कपडे घालून सगळी नाचत होती. नाचू देत, माझं काही म्हणणं नाही. पण स्पीकरमधून जो आवाज येत होता तो विमलाक्कांचा होता. खाली कसला तरी धाडधाड ठेका लावलेला, मधूनच कुणी इंग्रजीत ओरडत होतं, आणि त्या गदारोळात अक्कांचं हळद दळायचं गाणं. आधी वाटलं, भास झाला असेल. मग दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ‘ठण्ण’ असा लोखंडाचा आवाज आला आणि शंकाच उरली नाही. तो ‘ठण्ण’ मी तिथं बसून ऐकलाय. त्याची हकिकत पुढं सांगते.

गाणी लावणाऱ्या माणसाला जाऊन विचारलं, हे कुठून आणलंस बाबा?

“नेट पे मिला, आंटी. फ्री है.”

“गाणारी कोण आहे?”

“वो तो लिखा नहीं था. ट्रॅडिशनल है.”

ट्रॅडिशनल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, ट्रॅडिशनलला घसा असतो का? ट्रॅडिशनलला खोकला होतो का? विमलाक्कांना व्हायचा. गाणी रेकॉर्डवर भरायच्या आधी कितीतरी दिवस ती बाई ज्येष्ठमध चघळत, ताक वर्ज्य करून बसली होती. बेंगळुरूच्या उन्हाळ्यात ताक सोडणं म्हणजे काय, ते त्या ठेकेवाल्याला काय कळणार? मी ताट तसंच ठेवलं आणि निघाले.

विमलाक्का बेंगळुरूच्या जुन्या चिकपेटेतल्या. त्यांच्या घरचे लोक किती पिढ्यांमागं इकडं आले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. खाली यजमानांचं अस्तर आणि फॉलचं दुकान, वर घर. मूर्ती ठेंगणी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गालात सुपारीचं खांड. मराठी अशी की नवख्या माणसाला वाटावं, बाई दोन भाषांत एकदम भांडतेय. “स्वल्प सरक की गं.” “सरी, आता पुरे.” ‘बरं’ला त्या ‘सरी’ म्हणायच्या, फुकटला ‘बिट्टी’, आणि ‘बिट्टी’ म्हणताना सुपारी थुंकल्यासारखं तोंड करायच्या. मी निपाणीकडची, मला दोन्ही भाषांतल्या शिव्या कळायच्या, म्हणून आमचं जमलं असावं. यजमान बिचारे खाली गिऱ्हाइकाला कापड दाखवता दाखवता छताकडं कान लावून असायचे. वर आवाज चढला की गिऱ्हाइकाला म्हणायचे, “काही नाही, शिकवतेय.”

अक्कांकडं बायकांची लग्नातली गाणी होती. हळद दळायची, घाणा भरायची, विहिणीला टोमणे मारायची. त्यांच्या घरांतल्या बायकांनी चुलीपुढं एकमेकींना दिलेली. त्यात कन्नड शब्द असे मिसळून गेलेले की पुण्याच्या माणसाला निम्मं कळू नये. ही गाणी येणारी त्यांच्या पिढीतली शेवटची बाई त्याच. बाकीच्या एकेक करून गेल्या होत्या.

आणि त्यांची एक रीत होती. गाणं सुरू करायच्या आधी, ते कुणाकडून आलं त्याचं नाव घ्यायचं. “हे चंद्राक्काचं.” चंद्राक्का म्हणजे त्यांना गाणी शिकवणारी जुनी बाई. “हे माझ्या मावशीचं, गाताना तिची नथ हालायची.” एकदा म्हणाल्या, “हे माझ्या सासूचं. बाई खाष्ट होती, गाणं मात्र सोन्यासारखं.” मग हात जोडायच्या, त्या खाष्ट सासूलासुद्धा, आणि मग तोंड उघडायच्या. नाव न घेता गायलेलं गाणं चोरीचं, असं त्यांचं मत होतं.

तोंड फटकळ. आमच्या ओळखीत एकांकडं बारसं होतं. यजमानीणबाईंनी सगळ्यांदेखत फर्मान सोडलं, “अक्का, दोन-चार गाणी होऊन जाऊ देत. तुम्हाला काय, तोंड उघडलं की गाणं!”

अक्का म्हणाल्या, “तुझ्या केटररला सांग, बाबा रे, झाकण उघडलं की जिलेबी. बिल कशाला देतोस?”

सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. पाळण्याजवळ जाऊन त्यांनी बाळाच्या कानाशी एक गाणं म्हटलं. यजमानीणबाईंना ते ऐकूच आलं नाही. बाळ तेवढं ऐकत होतं.

पण पैशाच्या लोभी होत्या म्हणाल तर जीभ झडेल तुमची. दर गुरुवारी संध्याकाळी त्या शिकवायच्या आणि एक छदाम घ्यायच्या नाहीत. “शिकायला पैसे नकोत. मांडी घालून बसायला गुडघे आणा,” म्हणायच्या. अट एकच. दारातून आत आलं की फोन तांदळाच्या डब्यात. पितळेचा मोठा डबा, कडीचा. लोक भिजलेला फोन तांदळात घालतात, अक्का कोरडे घालायला लावायच्या. वर झाकण, झाकणावर पाटा. मधेच डबा आतून गुणगुणायला लागायचा, एखादीचा जीव वरखाली व्हायचा, अक्का ढुंकून बघायच्या नाहीत.

व्हाइटफील्डच्या नव्या सोसायट्यांमधल्या बायका मोठ्या हौसेनं यायच्या. कॅब करून, ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडत. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी, “किती अस्सल आहे हो सगळं!” दुसऱ्या वेळी म्हणायच्या, “अक्का, फक्त रेकॉर्ड करून घेऊ का? घरी ऐकून बसवते.”

“घरी तू गाणं बसवणार नाहीस, कुकर बसवशील. इथंच म्हण. चुकलीस की मी आहे.”

तिसऱ्या गुरुवारी त्या यायच्या नाहीत. मी मात्र जात राहिले. माझा आवाज असा की मी अंगाई म्हटली की झोपलेलं पोर उठून बसायचं. मला काही शिकवून उपयोग नाही हे अक्कांनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि माझ्यापुढं अवरेकाळूची, म्हणजे पावट्याच्या शेंगांची, टोपली सरकवली. मग मी शेंगा सोलायचे आणि ऐकायचे.

एकच गाणं मी कधी ऐकलं नाही. ते उंबऱ्यावरचं. लेक सासरी निघाली की तिला माहेरच्या उंबऱ्यावर उभी करून म्हणायचं. ‘उंबऱ्या रे उंबऱ्या, लेकीचं पाऊल पुसू नको’ ही पहिली ओळ अक्का नुसती बोलून दाखवायच्या, चालीत नाही. पुढचं नाही म्हणजे नाही. उंबऱ्यावर नवरी उभी नसताना ते म्हणायचं नाही, अशी आण होती. अक्कांना लेक नव्हती. नात्यातल्या मुलींची लग्नं हॉलवर व्हायला लागली, आणि हॉलला कसला आलाय उंबरा? म्हणजे त्या गाण्याला बाहेर पडायची वाटच राहिली नव्हती.

म्हणून मी त्यांच्या मागं लागले की गाणी भरून ठेवू. पुष्कळ दिवस डाफरल्या, शेवटी तयार झाल्या. त्यांच्याबरोबर ढोलकीला शंकराण्णा. होसकोट्याला कारखान्यात कामाला, सुट्टीला लग्नांत वाजवायचा. अक्का त्याला म्हणाल्या, “तुला बिट्टी वाजवायला लावणार नाही. विकलं गेलं की पहिला वाटा तुझा.” तो म्हणाला, “बघू हो अक्का, सावकाश.”

जागा मिळाली बोम्मसंद्र्याला, एका कारखान्याच्या मागची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. भाडं परवडायचं, कारण भोवतीची यंत्रं थांबतील त्या सुट्टीच्याच दिवशी तिथं काही भरता यायचं. अक्का चटई टाकून बसल्या. चंद्राक्काचं नाव घेतलं, हात जोडले आणि हळदीचं गाणं सुरू केलं. दुसरं कडवं संपता संपता बाहेर कुणाच्या तरी हातून लोखंडी कांब पडली. ठण्ण! आम्ही सगळे दचकलो. अक्का थांबल्या नाहीत, आणि शंकराण्णानं तो आवाज असा अलगद ठेक्यात घेतला की जणू आधीच ठरलं होतं. संपल्यावर अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. “राहू दे की तो. कारखान्याकडून अहेर आला म्हणायचं.”

तो अहेर परवा धाडधाड ठेक्याखाली वाजत होता. ज्यानं झेलला त्या शंकराण्णाचं नाव कुठं होतं? कुठंच नाही.

त्याच खोलीत दुसऱ्या वेळचा बेत ठरला. पहिली गाणी बऱ्यापैकी विकली गेली की उरलेली भरायची, आणि त्यात उंबऱ्यावरचं. आण कशी मोडायची? तर मोडायचीच नाही. शंकराण्णाची थोरली लेक लग्नाची साडी नेसून त्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहणार, आणि अक्का तिच्याकडं बघून म्हणणार. शंकराण्णा म्हणाला, “अक्का, तेवढ्यासाठी मी दाराला आंब्याची डहाळी बांधीन.” दोघंही इतके खुशीत होते की मला आतासुद्धा ते आठवलं की राग येतो. खुशी टिकली असती तर काय बिघडलं असतं कुणाचं?

मी ती गाणी नेटवर ठेवली. पैसे भरायचे आणि उतरवून घ्यायची, साधी गोष्ट. हॉटेलात एका कॉफीला जेवढे देतो त्याच्या आसपासच.

आता नलिनीवहिनी. व्हाइटफील्डला आमच्या मराठी बायकांचं मंडळ आहे, त्याच्या त्या अध्यक्ष. बाई वाईट नाही हे आधीच सांगते. तेच तर दुखणं आहे. वाईट असती तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिला डबा वहिनींचा. अक्कांची गाणी त्यांनी विकत घेतली, ऐकून रडल्या, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अक्कांचा सत्कार ठरवला.

अक्का ठेवणीतली इरकल नेसून आल्या होत्या. शाल झाली, नारळ झाला, भाषण झालं. मग वाण. प्रत्येकीच्या हातात जाळीची पिवळी पिशवी. आत तिळगुळाची वडी आणि एक पेनड्राइव्ह, त्यावर कुंकवाचं बोट लावलेलं. वहिनींनी माइकवरून सांगितलं, “यंदाचं वाण म्हणजे आपल्या अक्कांची सगळी गाणी! घरोघरी वाजू देत, मैत्रिणींना पाठवा, बहिणींना पाठवा!” टाळ्यांचा कडकडाट. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हे. फरक इतकाच की इथं हलवायालाच पहिल्या रांगेत बसवून शाल पांघरली होती.

मी अक्कांकडं बघितलं. वाटलं, आता आभाळ फाटणार. आणि तेवढ्यात वहिनी हळदीकुंकवाची कुयरी घेऊन त्यांच्यापुढं आल्या, कुंकू लावलं आणि तीच पिशवी त्यांच्यापुढं धरली.

वाण नको म्हणायचं नसतं. समोरचीच्या सौभाग्याचं असतं ते, परत सारलं तर तिचं अमंगळ चिंतल्यासारखं होतं. आयुष्यभर दिसेल त्याला फटकारणाऱ्या त्या बाईनं गप्प पदर पसरला आणि वाण घेतलं. वहिनींना उलट कुंकू लावलं. “तिळगूळ घे,” म्हणाल्या. पुढचं ‘गोड बोल’ त्यांना म्हणता आलं नाही.

रिक्षात बसल्यावर बराच वेळ पिशवी मांडीवर धरून होत्या. मग म्हणाल्या, “माझंच गं. मलाच वाण दिलं.” आणि थोड्या वेळानं, “शंकराला काय सांगू?”

चार दिवसांनी वहिनी आपण होऊन चिकपेटेत आल्या, कुणीतरी कानावर घातलं होतं म्हणून. मी शेंगा सोलत होतेच.

“अक्का, तुम्ही रागावलात म्हणे? अहो, मी पैसे देऊन घेतलीत ती गाणी! चोरली नाहीत. माझी वस्तू मी कुणालाही देईन. साडी घेतली तर नाही का आपण बहिणीला देत?”

“साडी दिलीस की ती तुझ्या कपाटातनं जाते,” अक्का म्हणाल्या. “गाणं दिलंस, तर ते तुझ्याकडं तसंच राहिलं. गेलं ते माझ्याकडचं.”

“पण पैशासाठी का तुम्ही गाता? आणि ही गाणी तर परंपरेची. तुम्ही कुठं चंद्राक्कांना पैसे दिले होते?”

मला वाटलं, आता अक्का अडकल्या. प्रश्न काही अगदीच टाकाऊ नव्हता.

“चंद्राक्काकडं मी सात उन्हाळे पापड लाटलेत. हात बघ माझे. आणि ती गेली तरी तिचं नाव घेतल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. तू माझं नाव घेतलंस, शाल दिलीस, सरी. पण विचारलंस का? एकदा विचारायचं होतंस की गं. हळदीकुंकवाचं वाण आहे म्हटलं असतंस, तर मीच माझ्या हातानं दिलं असतं. शंकराला मी समजावलं असतं.”

वहिनी रडायला लागल्या. “मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल. इतक्या घरांत तुमचा आवाज पोचला!”

“पोचला की. आता तो परत बोलावता येत नाही.”

मग अक्कांनीच त्यांना कॉफी करून दिली. भांडण तिथं मिटलं, पण दुसऱ्या वेळचं भरणं मोडलं ते मोडलंच. पेनड्राइव्हवरून फोनांत, फोनांतून नेटवर, आणि आठवड्याभरात विकत घेणारं कुणी उरलं नाही. बिट्टी मिळतंय म्हटल्यावर कोण खुळा पैसे भरणार?

मी म्हटलं, अक्का, खोलीचं भाडं मी देते, शंकराण्णाचं मी बघते. म्हणाल्या, “आणि मग? तेही वाटतील. ते उंबऱ्यावरचं गाणं कुणाच्या तरी मोबाईलमध्ये फोन आला म्हणून वाजेल. संडासात वाजेल. नको.”

“पण मग ते तुमच्याबरोबर जाईल!”

“जाऊ दे.”

“हा शुद्ध आडमुठेपणा आहे!”

“आहे. शेंगा सोल.”

मी त्यांच्यावरही चिडले होते, खोटं कशाला सांगू. अजूनही चिडलेलीच आहे. ते गाणं काय एकट्या त्यांचं होतं? चंद्राक्काचं होतं, तिच्या आधीच्या कुणाकुणाचं होतं. चार फुकट्यांच्या रागापायी ते बंद करून ठेवायचा हक्क त्यांना कुणी दिला? पण हे तोंडावर म्हटलं की त्या म्हणायच्या, “फुकट्यांना एक शब्द बोलत नाहीस आणि माझ्याशी भांडतेस?” आणि टोपली माझ्यापुढं सरकवायच्या.

पुढं वहिनींच्या लेकीचं, ईशाचं लग्न निघालं. वहिनी पुन्हा चिकपेटेत आल्या. या वेळी आधी विचारायला. “अक्का, पाठवणी हॉलवरनं नाही, घरनंच करणार आहे. उंबरा आहे घराला. तुम्ही याल?” अक्कांनी एका गालातली सुपारी दुसऱ्या गालात सारली. मग म्हणाल्या, “लेक उंबऱ्यावर उभी राहणार असेल तर नाही कसं म्हणू? पण नलिनी, फोन डब्यात.” वहिनी म्हणाल्या, “शब्द देते.”

दिला त्यांनी शब्द. मनापासून दिला. पण लग्नघर कुणाच्या बापाचं ऐकतं?

फ्लॅट वरच्या मजल्यावर. दारापासून लिफ्टपर्यंत चिंचोळी जागा आणि त्यात सगळं वऱ्हाड. ईशा उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, डोळे सुजलेले. वहिनींनी हात जोडून सांगितलं, “कृपा करून फोन आत ठेवा, अक्का गाणार आहेत.” तर ‘अक्का गाणार’ हे ऐकूनच ज्यांचे खिशात होते त्यांनीही बाहेर काढले. नवऱ्याकडचं कुणी कुठल्या तरी देशातल्या आजीला फोनवर दाखवत उभं राहिलं. कॅमेरावाला अक्कांना म्हणाला, “आंटी, जरा इस तरफ देखिए.” कुणी लिफ्टचं दार पायानं अडवून धरलं होतं, ती सारखी टीं टीं करत होती. वहिनी एकेकाच्या हाताला धरून सांगत होत्या. “हो, हो,” म्हणत लोक फोन आणखी वर धरत होते. मी एकाचा फोन हिसकला, तर तो माझ्याकडं असा बघायला लागला की मीच चोर.

अक्कांनी हात जोडले. “हे चंद्राक्काचं,” म्हणाल्या. मग त्या सगळ्या वर धरलेल्या फोनांवरून एकवार नजर फिरवली आणि आमच्याकडं पाठ केली. टाचा उंचावून त्यांनी आपला पदर ईशाच्या डोक्यावरून ओढून घेतला. दोघींची तोंडं त्या इरकलीच्या आत. आणि अक्का गायला लागल्या, तिच्या कानात.

आम्हाला काही ऐकू आलं नाही. लिफ्टची टीं टीं तेवढी. अक्कांची पाठ हलत होती, ठेका धरल्यासारखी एक टाच वरखाली होत होती. फोनवाले “आवाज, आवाज!” म्हणत होते. पुष्कळ वेळ चाललं ते. मग पदर बाजूला झाला, अक्कांनी ईशाच्या गालावरून हात फिरवला आणि वाट काढत जिन्याकडं गेल्या. लिफ्टकडं बघितलंही नाही.

मी त्यांना खाली गाठलं. रिक्षात बसल्या होत्या, मांडीवर ओटीतला नारळ, गालात सुपारी. खूप दिवसांनी चेहरा मोकळा दिसला. “दिलं,” म्हणाल्या. “तिचं होतं, तिला दिलं. तू गुरुवारी ये.” रिक्षा गेली. मीच त्या गुरुवारी जाऊ शकले नाही, ऑफिसात अडकले. पुढच्या गुरुवारच्या आत अक्का गेल्या.

शंकराण्णा आला होता. ढोलकी आणली होती त्यानं, वाजवली नाही. पितळेचा डबा कोपऱ्यात होता. जमलेल्यांच्या हातांत फोन होते आणि त्यात अक्कांचे फोटो एकमेकांना दाखवणं चाललं होतं.

महिन्याभरानं, धीर करून, मी ईशाला फोन लावला. ती आता परदेशात असते. म्हटलं, बाळा, ते ऐकलेली तू एकटीच आहेस. त्या दिवशी अक्कांनी तुझ्या कानात जे म्हटलं, त्यातलं काय आठवतंय? एखादी ओळ, नुसती चाल, काहीही सांग.

ती म्हणाली, “मावशी, मी इतकी रडत होते ना. आणि ती लिफ्ट. त्यांच्या सुपारीचा वास आठवतो. उंबऱ्या रे उंबऱ्या... नाही, पुढचं नाही आठवत.”

“तेवढं मलाही माहीत आहे,” मी म्हटलं.

“पण मावशी,” ती म्हणाली, “एवढे लोक होते तिथं. कुणीतरी रेकॉर्ड केलं असेल ना? मिळालं तर मला पाठवाल?”